कार्ट्रिजची तुलना दर वेळी उलटी पडते? आधी घर तपासा

तक्रार एकाच साच्याची येते. घरात रेकॉर्ड प्लेअरची दोन चांगली कार्ट्रिजं (सुई बसवलेले, खाचेतली हालचाल विजेत बदलणारे छोटे डबे) आहेत, एक मूव्हिंग मॅग्नेट (एमएम), दुसरं मूव्हिंग कॉइल (एमसी). मागच्या खेपेला मूव्हिंग कॉइल मोकळं, स्वच्छ वाजलं म्हणून मन त्याच्यावर बसलं. आज तीच रेकॉर्ड, तोच अँप्लिफायर, आणि तेच कार्ट्रिज कोरडं वाटतं. निम्म्याहून कमी किमतीचं मूव्हिंग मॅग्नेट भरदार वाटतं. काही दिवसांनी पुन्हा उलट. वणीकडचे एक मित्र म्हणाले तसं, "भाऊ, काल हे भारी वाटत होतं, आज ते भारी वाटून राह्यलं. मी बह्याड झालो का हे कार्ट्रिज?"

दोघंही ठीक आहेत. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावात दोन तुलनांच्या मधल्या काळात खोलीचं तापमान, लाइन, अर्थिंग आणि खोलीतलं सामानसुद्धा इतकं बदलतं की दोन कार्ट्रिजमधला खरा फरक त्याखाली दबून जातो. वर्षभर एसी चालणाऱ्या शहरी खोलीसाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. त्यामुळे कार्ट्रिज विकायला काढण्याआधी, किंवा तिसरं मागवण्याआधी, पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

पहिल्यावर परत या

पहिलं कार्ट्रिज लावा, दोन-तीन मिनिटांचा एक तुकडा ऐका आणि काय ऐकलं ते वहीत लिहा. दुसरं लावा, तोच तुकडा ऐका, पुन्हा लिहा. बहुतेक जण इथेच निकाल देतात. देऊ नका. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलंच कार्ट्रिज लावा आणि आधीचं टिपण न बघता लिहा. तिसरं टिपण पहिल्याशी जुळलं नाही तर ती तुलना बाद. कार्ट्रिज तेच असून आवाज बदलला, म्हणजे बदललं ते दुसरंच काहीतरी, आणि तेच आपल्याला शोधायचं आहे. या लेखातलं बाकी सगळं या एका चाचणीला पूरक आहे.

ज्यांच्या टर्नटेबलच्या आर्मचं हेडशेल (कार्ट्रिज बसतं ते पुढचं टोक) सुटं निघतं त्यांना हे सोपं जातं. टेक्निक्स एसएल-१२०० च्या जातीच्या टर्नटेबलवर हेडशेलच्या मागच्या रबरी चकतीपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवायचे असतात. दोन्ही कार्ट्रिजं आपापल्या हेडशेलमध्ये आधीच बसवून ठेवली की अदलाबदल पटकन होते. मात्र नुसतं फिरवून लावून भागत नाही. प्रत्येक बदलाला आर्म नव्याने तोलायचा आणि सुईचा भार काट्यावर मोजायचा. ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम लागतात, डेनॉन डीएल-१०३ ला २.५. एकाचा भार दुसऱ्याला राहिला तर ती तुलनाच नव्हे, ती रेकॉर्डची खराबी.

काट्याबद्दल एक सांगून ठेवतो. पुष्कळ जण सोनाराकडचा छोटा डिजिटल काटा वापरतात. काटा चांगलाच असतो, पण ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि भार आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मूव्हिंग कॉइलमध्ये ही ओढ सहसा जास्त असते. मग आपण आकडा बरोबर करायला भार कमी करतो, सुई खाचेत हलकी बसते आणि जोरदार तानेला आवाज फाटतो. दोष जातो कार्ट्रिजच्या नावावर. ताटली ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची हवी, आणि मोजताना सुई रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर असावी.

आर्मच्या उंचीचा लोक फार बाऊ करतात. २३० मिलिमीटर लांबीच्या आर्मला मागून १ मिलिमीटर उचललं तर सुईचा कोन फक्त पाव अंशाने बदलतो. दोन कार्ट्रिजच्या उंचीत तीन मिलिमीटरचा फरक असेल तर उंची जरूर बदला. रेकॉर्ड जाड की पातळ यावर दर वेळी आर्म वरखाली करत बसण्यात संध्याकाळ घालवू नका.

कोणता तुकडा ऐकायचा

इथे माझं मत ठाम आहे: आपल्याला पाठ असलेला ख्याल कुठल्याही परदेशी टेस्ट रेकॉर्डइतकाच उपयोगी आहे, आणि काही बाबतींत जास्त.

सुरुवातीला नुसता तानपुरा वाजत असतो. जवारीतून उठणारे वरचे स्वरांश कार्ट्रिजच्या वरच्या टोकाची परीक्षा घेतात आणि अखंड षड्ज वेगातली डगमग उघडी पाडतो. वेग एक टक्का सरकला की सूर सुमारे १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. प्रमाणश्रुतीचं अंतर साधारण २२ सेंट. म्हणजे जवळजवळ एका श्रुतीची चूक. तबल्याच्या बायाच्या घुमाऱ्यात खालची पट्टी कळते. शब्दांतले 'स' आणि 'श' थुंकी उडाल्यासारखे येतात का, यावरून सुई खाचेत नीट बसली की नाही ते कळतं.

पण खरी परीक्षा बाजूच्या शेवटी असते. ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या शेवटच्या खाचेशी फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. आता आपल्या गायकीचा क्रम बघा: विलंबित बाहेरच्या कडेला, आणि द्रुत, ताना, तराणा सगळं आत. संगीत सगळ्यात गर्दीचं होतं तिथेच खाचेला जागा सगळ्यात कमी. आपल्या मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांची एखादी एलपी लावा आणि बाजूच्या शेवटच्या तानांपर्यंत जा. गोल टोकाच्या सुईत आणि मायक्रोलाइन किंवा शिबाटा अशा बारीक घडणीच्या सुईत काय फरक आहे ते तिथे कळतं. पहिल्या दोन मिनिटांवर निकाल देणारा विलंबिताची तुलना करत असतो, कार्ट्रिजची नव्हे.

आतल्या खाचेत दोन्ही कार्ट्रिजं सारखीच फाटत असतील तर दोष सुईचा नसून बसवण्याचा आहे. मांडणीचा छापील तक्ता वापरा आणि दोन्हींसाठी एकच वापरा. बेअरवाल्ड पद्धतीत सुई खाचेला अगदी समांतर होते ती ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात. स्टीव्हनसन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४ वर. एक कार्ट्रिज एका पद्धतीने आणि दुसरं दुसऱ्या पद्धतीने बसवलं तर स्टीव्हनसनवालं शेवटच्या खाचेत उगीच वरचढ ठरतं.

पातळी जुळवल्याशिवाय बोलू नका

मूव्हिंग मॅग्नेटमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉइलमधून ०.२ ते ०.५. ऑर्टोफॉन टूएम ब्लॅक ५ आणि डेनॉन डीएल-१०३ ०.३ धरा, तर फरक सुमारे २४ डेसिबलचा. फोनो स्टेजवरचं, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या डब्यावरचं, बटण एमसीवर टाकलं की सहसा २० डेसिबलची भर पडते. चार डेसिबल उरले. आता जे मोठ्याने वाजेल ते भरदार, जिवंत, 'भारी' वाटणार. हा कानाचा धर्म आहे, त्यात कुणाचा कमीपणा नाही.

व्हॉल्यूम अंदाजाने जुळवू नका. १ किलोहर्ट्झचा स्वर असलेली टेस्ट रेकॉर्ड असेल तर स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि दोन्ही कार्ट्रिजला एकच आकडा आणा. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला अचूक नसतात, पण चूक दोन्ही वेळा सारखीच होते, त्यामुळे तुलनेला चालतात. दोन टक्क्यांच्या आत जुळलं की फरक ०.२ डेसिबलच्या आत आला, तेवढं पुरे. टेस्ट रेकॉर्ड नसेल तर तोच तुकडा दोन्ही कार्ट्रिजवरून साउंड कार्डमधून कॉम्प्युटरवर घ्या आणि सरासरी पातळी पाहा. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात आणि तक्रार करणारा थोडा हिरमुसतो, कारण लाखाच्या घरातला फरक व्हॉल्यूमच्या खुंटीत निघालेला असतो.

मे महिन्यातलं कार्ट्रिज आणि डिसेंबरातलं कार्ट्रिज

सुईच्या दांडीच्या मुळाशी रबराचा छोटा डँपर असतो. त्याची लवचिकता, म्हणजे कम्प्लायन्स, तापमानावर बदलते: थंडीत रबर ताठरतं, उन्हाळ्यात सैलावतं. उत्पादक आपले आकडे साधारण २०-२५ अंशांच्या खोलीसाठी देतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा १० च्या खाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या वर. खोलीत एवढं टोक नसलं, तरी एकाच कार्ट्रिजचे दोन स्वभाव दिसायला तेवढा फरक पुरतो.

हिशोब सोपा आहे. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं मिळून परिणामी वस्तुमान ग्रॅममध्ये घ्या, त्याला कम्प्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्म आणि सुई मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला आपसूक डोलतात ती हर्ट्झमध्ये येते, आणि हे उत्तर ८ ते १२ च्या दरम्यान हवं. १२ ग्रॅमच्या आर्मवर ७.२ ग्रॅमचं टूएम, स्क्रूंचा १ ग्रॅम, कम्प्लायन्स २०: उत्तर ७.९. काठावर, पण चालतं. समजा गरमीने २० चे २६ झाले, तर उत्तर ६.९ वर येतं. आणि उन्हाळ्यातच रेकॉर्डही वाकलेल्या असतात. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली एलपी कशी होते ते सांगायला नको. वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे ५-६ हर्ट्झच्या खालचे असतात. दोन्ही एकमेकांच्या जवळ आले की वूफरचा कागद आवाज नसताना पुढेमागे हलतो, अँप्लिफायरची ताकद त्यात जाते आणि आवाज ढिसाळ, सैल वाटतो.

डीएल-१०३ सारखं कडक कार्ट्रिज याच आर्मवर साधारण ११ हर्ट्झच्या आसपास बसतं, त्यामुळे गरमीत त्याचा तोल लवकर ढळत नाही. म्हणून उन्हाळ्यात ते 'घट्ट' वाटतं आणि हिवाळ्यात पहाटे तेच 'खरखरीत'. तापमापी दहा-वीस रुपयांत मिळत नसली तरी फार महाग नाही. खोलीत लावा, आणि वहीत प्रत्येक टिपणाशेजारी आकडा लिहा. तुलना त्याच ऋतूत, शक्यतो त्याच संध्याकाळी करा. हिवाळ्यात ऐकण्याआधी एखादी बाजू नुसती वाजू द्या.

कुलरबद्दल दोन शब्द. त्याचा पंखा चालू असताना बायाच्या घुमाऱ्याबद्दल बोलणं व्यर्थ आहे, शिवाय त्याचा धक्का फरशीतून टर्नटेबलपर्यंत येतो. पण खोलीतली हवा ओलसर झाल्यामुळे रेकॉर्डवरचा स्थिर विद्युतभार कमी होतो आणि चटचट घटते, हेही खरं. ऐकण्याच्या आधी चालवा, ऐकताना बंद करा. आणि कुलरच्या टाकीत साचणारा पांढरा थर बघूनच ठरवा की बोअरच्या पाण्याने रेकॉर्ड धुवायच्या का. तोच थर खाचेत बसतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी वापरा.

लाइन, अर्थिंग आणि झटका मशीन

एमएमला फोनो स्टेज साधारण ४० डेसिबल वाढवतो, एमसीला ६० किंवा त्याहून जास्त. त्यावर १९५४ मध्ये ठरलेला आरआयएए वक्र (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे स्वर परत उचलणारा) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत आणखी १७ डेसिबल, म्हणजे सातपट व्होल्टेज, देतो. आपल्या लाइनची गुणगुण नेमकी ५० हर्ट्झची. तेव्हा घरातली अर्थिंग जरा बिघडली की पहिला बळी मूव्हिंग कॉइल. गुणगुणीखाली तानपुऱ्याची आस बुडते आणि आपण लिहितो की एमसी 'बंदिस्त' वाजतं.

आणि आपल्याकडे अर्थिंग ऋतूप्रमाणे बिघडते. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडं पडतं, पट्टीभोवतीची माती सुटते, आणि दिवाळीत शांत असलेली सिस्टीम एप्रिलमध्ये गुणगुणू लागते. उपाय जुनाच आहे: उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घाला. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. एखाद-दोन व्होल्ट चालतात, त्याहून जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करा. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नका, अँप्लिफायरचा धातू जिवंत होऊ शकतो. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडण्याचा उद्योग तर अजिबात नको.

गुणगुण कुठली ते ओळखायला कानच पुरे. टर्नटेबलच्या आर्मच्या धातूला बोट लावलं आणि आवाज कमी झाला, तर टर्नटेबलची पातळ अर्थ वायर फोनो स्टेजच्या स्क्रूखाली ढिली आहे. सिस्टीमला डिश टीव्हीचा डबाही जोडलेला असेल आणि त्याची केबल काढताच शांत झालं, तर अर्थचा वेढा झालाय, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेलाय. एमसीची पातळी वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर तो हातात धरून फिरवून पाहा. एका दिशेला गुणगुण बुडते. स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरपासून तो जितका लांब तितका बरा.

५० ऐवजी १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वरची आणि खरबरीत भुणभुण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लाइनचं व्होल्टेज पाहा. एकाच डीपीवर मोटारी चालू झाल्या की २३० चे १८० होतात, फोनो स्टेजमधला रेग्युलेटर हात टेकतो आणि रेक्टिफायरची लहर आवाजात उतरते. अशा वेळी ऐकलेलं काहीही वहीत धरू नका. रात्री लाइन चांगली असते हा समजही सरसकट खरा नाही: ज्या आठवड्यात शेतीपंपाची पाळी रात्रीची, त्या आठवड्यात सकाळ बरी. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर तुलना चालू ठेवणारे मी पाहिले आहेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या लहरीत १५०, २५०, ३५० हर्ट्झचे तुकडे भरपूर असतात आणि ते सगळे एमसीत ऐकू येतात. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर ठीक, नाहीतर चहा प्या.

क्वार्ट्झ लॉक असलेल्या टर्नटेबलचा वेग लाइनवर अवलंबून नसतो. सिंक्रोनस मोटर आणि बेल्टवाल्याचा वेग व्होल्टेजवर नाही, लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर असतो. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवतात, त्यामुळे सूर तीन-चार सेंटपेक्षा जास्त हलत नाही. पण सैल बेल्ट गरमीत घसरतो आणि तानपुरा डोलतो. षड्ज डोलत असेल तर कार्ट्रिजला हात लावूच नका.

आता एक तक्रार जी शहरातल्या कुणाला समजणार नाही. "शांत जागी टक्, टक् असा आवाज येतो, फक्त एमसीवर. रेकॉर्ड नवीन आहे." घड्याळ घ्या. रेकॉर्डवरचा ओरखडा फिरत्या चकतीबरोबर येतो, म्हणजे ३३⅓ वर बरोबर १.८ सेकंदांनी. टकटक त्याहून लवकर, एक-सव्वा सेकंदाने येत असेल आणि सुई उचलल्यावरही थांबत नसेल, तर रेकॉर्डचा काही संबंध नाही. ते रानडुक्कर आणि रोही अडवायला शेताला लावलेलं झटका मशीन आहे. तारेला गवत चिकटलेलं असेल किंवा जोड ढिला असेल तर तिथे ठिणगी पडते, ती रेडिओसारखी पसरते आणि ६० डेसिबलच्या फोनो स्टेजला ती न पकडण्याचं काही कारण नसतं. गावठाणाला लागून शेत असेल तर पेरणीपासून पीक घरात येईपर्यंत हा पाहुणा रोज रात्री येतो. शेत आपलं असेल तर तारेखालचं गवत काढा, जोड घट्ट करा. शेजाऱ्याचं असेल तर गोडीत सांगा, त्याचंही झटक्याचं बळ वाया जातंय. टोनआर्मची केबल आखूड आणि चांगल्या जाळीची ठेवली तर टकटक पुष्कळ कमी होते.

कापूस घरात असताना

हा मुद्दा मला कुठे लिहिलेला सापडला नाही, पण आपल्याकडच्या घरात तो टाळता येत नाही. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो, कधी ओसरीत, कधी बैठकीतच. त्याचे दोन परिणाम होतात.

एक, तंतू. ते हवेत उडतात, रेकॉर्डवर बसतात आणि सुईच्या टोकाशी गोळा होतात. गोळा वाढला की सुई खाचेतून वर उचलली जाते, 'स' फाटतो, वरचा आवाज मंद होतो. बारीक घडणीच्या सुईला हे आधी जाणवतं. ज्या बाजूला सुई स्वच्छ होती ते कार्ट्रिज जिंकतं, एवढंच. मऊ ब्रशने मागून पुढे, दांडीच्या दिशेनेच, प्रत्येक बाजूनंतर. आडवा हात मारलात तर दांडी वाकेल. छताचा पंखा बंद ठेवा.

दुसरा परिणाम मोठा आहे. कापसाचा पुरुषभर ढीग म्हणजे खोलीतला सर्वात प्रचंड आवाजशोषक. मधले आणि वरचे स्वर तो गिळतो. नोव्हेंबरात अशा खोलीत थोडं तेज, चमकदार कार्ट्रिज सुखद वाटतं आणि मऊ कार्ट्रिज निस्तेज. मग व्यापाऱ्याची गाडी येते, खोली रिकामी होते, उघड्या भिंती आणि शहाबादी फरशी आवाज परतवू लागतात, आणि तेच तेज कार्ट्रिज कानाला टोचतं. वणीच्या मित्राचं कोडं अर्ध्याहून जास्त इथेच सुटलं. त्याची दोन टिपणं कापूस विकायच्या आधीची होती आणि दोन नंतरची. वहीत 'कापूस आहे' किंवा 'कापूस गेला' असं लिहायला त्याला लाज वाटत होती. लिहा, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

काळी माती फरशीही हलवते, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर टर्नटेबलवर पाणसळ ठेवून बघा. मात्र तोललेल्या साध्या आर्मला अर्ध्या-एक अंशाच्या कलाने फार बिघडत नाही. १.८ ग्रॅम भारावर एका अंशाने बाजूला ओढ पडते ती ०.०३ ग्रॅमची. तीन अंश गेले की मात्र ती ओढ नेहमीच्या अँटीस्केटिंगच्या (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून बाहेर दिलेल्या ओढीच्या) निम्म्यावर पोचते. पोकळ वाजणारी फरशी याहून वाईट. टर्नटेबल भार पेलणाऱ्या भिंतीत बसवलेल्या फळीवर ठेवा.

केबल आणि लोड

मूव्हिंग मॅग्नेटचं वरचं टोक केबल ठरवते. कॉइलचं इंडक्टन्स अर्धा हेन्री असेल आणि केबल व फोनो स्टेज यांचं कपॅसिटन्स मिळून ३०० पिकोफॅरड होत असेल तर १३ किलोहर्ट्झला उंचवटा येतो आणि त्यापुढे उतार. तेच १५० वर आणलं तर उंचवटा १८ किलोहर्ट्झच्या वर सरकतो. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ ला १०० ते २०० पिकोफॅरड सांगितले आहेत, ऑर्टोफॉन टूएमला १५० ते ३००. एकाच केबलवर दोन्ही लावून 'हे तेज, ते मऊ' म्हणणं म्हणजे केबलबद्दल बोलणं.

मूव्हिंग कॉइलला केबलच्या कपॅसिटन्सने फरक पडत नाही, पण लोडने, म्हणजे कार्ट्रिजला पुढे दिसणाऱ्या रोधाने, पडतो. ४७ किलोओहमच्या इनपुटपुढे १:१० चा स्टेप-अप लावला तर कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात, १:२० चा लावला तर सुमारे ११७, आणि पातळीही ६ डेसिबलने वाढते. ट्रान्सफॉर्मर बदलून ऐकलं तर पातळी पुन्हा जुळवा.

उरलेला फरक

एवढं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या ऐकण्यातली टिपणं जुळू लागतात, आणि तेव्हाच मधलं कार्ट्रिज खरं ऐकू येतं. जे फरक टिकतात ते थोडे असतात, पण पक्के असतात. सुईची घडण सर्वात आधी: बाजूच्या शेवटच्या तानांत मायक्रोलाइन सुई गोल सुईला सहज मागे टाकते, मग ते कार्ट्रिज कुठल्याही जातीचं असो. म्हणूनच बारीक सुईचं मधल्या किमतीचं मूव्हिंग मॅग्नेट आणि गोल सुईचं नावाजलेलं मूव्हिंग कॉइल यांत, ख्यालाच्या एलपीसाठी, मी पहिलं घेईन. डीएल-१०३ ची गोष्ट वेगळी. १९६० च्या दशकात जपानी प्रसारणासाठी घडवलेलं ते कार्ट्रिज आवाजाचा गाभा असा उभा करतं की जुन्या मोनो भावगीतांना मला दुसरं काही लागत नाही.

जुन्या भारतीय रेकॉर्डचा एक पेच आहे. त्या काळी पुष्कळ एलपी जड सिरॅमिक कार्ट्रिजवर वाजल्या. त्या सुयांनी खाचेचा एक भाग घासून टाकला. बारीक सुई कधी कधी न घासलेल्या भागाला स्पर्श करते आणि रेकॉर्ड नव्यासारखी वाजते, तर कधी झीज आणखी उघडी पडते. कोणती रेकॉर्ड कुठल्या बाजूची ते लावूनच कळतं, म्हणून तुलनेची रेकॉर्ड तरी कमी वाजलेली घ्या. ७८ च्या लाखेच्या तबकड्या या तुलनेत आणूच नका: त्यांना साधारण ७० मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई खाचेच्या तळात लोळते.

फरक फक्त डाव्या किंवा उजव्या बाजूलाच राहिला तर हेडशेलच्या चार वायरी पाहा: लाल आणि हिरवी उजव्याची, पांढरी आणि निळी डाव्याची. पावसाळ्यात त्यांच्या टोकांवर गंज धरतो. टोकं काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिमट्याने हलकी आवळून परत लावा. कार्ट्रिजच्या पिनांवर सोल्डरचा गरम टोचा कधीच लावू नका, आतली तार केसाहून बारीक असते. तरीही एक बाजू दबलेलीच असेल तर दोन्ही बाजूंच्या वायरी अदलाबदल करा. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला तर कार्ट्रिज दुरुस्तीला पाठवा. जागच्या जागी राहिला तर आर्मच्या वायरीपासून पुढे शोधत चला.